प्राथमिक लहर पाण्यातूनही जाते

आमच्या घरातली भांडी दिवसभर किणकिणायची. उचगावच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे आमची वस्ती होती आणि ओढ्याच्या पलीकडे तापलं लोखंड ठोकून घडवणाऱ्या फोर्जिंगच्या कारखान्याची पत्र्याची लांबलचक शेड. त्या शेडमध्ये एक घण होता. तो मी कधी पाहिला नाही, पण आमच्या घरात आईनंतर सगळ्यात जास्त आवाज त्याचाच. घण पडला की आधी तळव्यांना फरशी थरथरल्यासारखी वाटायची, मग मांडणीवरची स्टीलची ताटं, वाट्या, पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, आणि त्यानंतर कुठे ‘धड्डाम’ असा आवाज कानावर यायचा. आवाजाच्या आधी भांडी का वाजतात, हे मी लहानपणी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, “भांड्यांस्नी आधी कळतं. माणसाला सगळं उशिराच कळतं.”

आण्णा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या एका फाउंड्रीत वाळूच्या साच्यांवर होते. ओतकामाची ती काळी वाळू त्यांच्याबरोबर घरी यायची. कानात, नखांत, भुवयांत, बनियनच्या शिवणीत. ते खाकरून थुंकले की मोरीत काळा गोळा पडायचा आणि तो पाण्यानं लवकर वाहून जायचा नाही, दगडाला चिकटून बसायचा. आई राख टाकून तो खराट्यानं घासायची. मी जेवायला बसले की माझं तोंड मोरीकडे येऊ नये म्हणून जागा बदलायची. भाकरीत कधीतरी कचकन वाळू लागायची. खरड्याच्या तिखटानं डोळ्यांत पाणी आलेलं असताना दाताखाली ती कचकच आली, की सगळा घास बाहेर काढावासा वाटे. पण आण्णा समोर बसलेले असायचे, म्हणून गिळायचे. ओढ्याचं पाणी तर बघवत नसे. कारखान्यांतून येणारं, कोमट, गंजाच्या रंगाचं, वर तेलाचा इंद्रधनुष्यी तवंग. उन्हाळ्यात त्याचा वास अंगावरच्या कपड्यांना लागायचा. मी शाळेत जायच्या आधी दप्तर हुंगून बघत असे.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगते आहे की किळस म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. ती माझ्या नाकाडोळ्यांच्या ओळखीची होती. पण या प्रकरणात ज्या किळसेबद्दल लिहायचं आहे तिला वास नव्हता. ती स्वच्छ, धुतलेली, आंघोळ करून आलेली होती. म्हणून ओळखायला वेळ लागला.

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीत धर्म बदलला होता. वस्तीत विहार होता, पौर्णिमेला खीर व्हायची, आणि मुलीला शिकवायचं हे आमच्या घरात भाकरीइतकं ठरलेलं होतं, जरी शिकलेलं कुणीच नव्हतं. आण्णांना सही येत होती. ती करताना त्यांची जीभ बाहेर यायची. आई मंगल कार्यालयांत झाडलोट आणि भांड्यांच्या कामाला जायची. अशा घरातली मी नववीत निकम सरांच्या नजरेत भरले, याला आमच्या घरी काय महत्त्व होतं ते आज सांगून कळायचं नाही.

निकम सर आम्हाला भूगोल शिकवायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलण्यात वारंवार ‘आपला पुरोगामी जिल्हा’. त्या वर्षी मराठवाड्यात मोठा भूकंप झाला होता आणि आमच्याकडेही माणसं घाबरून अंगणात अंथरुणं टाकत होती. कुणी म्हणे कुत्री भुंकली की समजायचं, कुणी म्हणे विहिरीचं पाणी चढतं. निकम सरांनी वर्गात पडद्याची स्प्रिंग आणली. एक टोक खिडकीच्या गजाला अडकवलं, दुसरं हातात धरून पुढे ढकललं. स्प्रिंगची वेटोळी एका जागी दाटली आणि तो दाटपणा गजापर्यंत पळत गेला. “ही प्राथमिक लहर,” सर म्हणाले. “सगळ्यात आधी पोचते. ढकलत जाते. कण पुढं-मागं हलतात. घन असो, द्रव असो, वायू असो, सगळ्यातून जाते.” मग विहिरीचा दोर घेतला आणि बाजूला हिसका दिला, सापासारखं वळण दोरातून गेलं. “ही दुय्यम. मागाहून येते. कण आडवे हलतात. ही फक्त घनातून जाते. पाण्याला आडवं ओढलं तर पाणी काय पाण्याला धरून ठेवतंय? म्हणून पृथ्वीच्या पोटातला जो वितळलेला भाग आहे तिथं ही मरते. पलीकडच्या यंत्रांवर ती उमटतच नाही. ती उमटली नाही म्हणून तर माणसाला कळलं, की आत काहीतरी पातळ आहे. आणि तिसरी भूपृष्ठ लहर. जमिनीच्या वरच्या थरातून, सगळ्यात सावकाश येते आणि घरं पाडते.”

मी हात वर केला. आमच्याकडे मुली स्वतःबद्दल मुलग्यासारख्याच बोलतात, तशी म्हणाले, “सर, म्हणून मी भांडी आधी ऐकतो व्हय?” वर्ग हसला. मी घणाचं सांगितलं. सर हसले नाहीत. ते टेबलाला टेकले आणि म्हणाले, “जमिनीतून आलेली लाट हवेतल्या आवाजाच्या आधी पोचते. ही पोरगी घरात भूकंपमापक यंत्र घेऊन बसलीय आणि तुम्ही हसताय गाढवांनो.” मला आजही ते वाक्य त्यांच्या आवाजासकट आठवतं. त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ते मला वेगळं, गणित-विज्ञानसुद्धा, शिकवायला लागले. एक पैसा घेतला नाही.

आणि मग ते एकदा घरी आले, आण्णांना सांगायला, की मुलीला उशीर झाला तर काळजी करू नका. आईनं चहा टाकला. सगळ्यांचे श्वास थांबले होते. सरांनी कप उचलला, फुंकर घातली आणि प्यायले. शेवटच्या घोटापर्यंत. ते गेल्यावर आण्णांनी तो रिकामा कप दोन्ही हातांत धरून बघितला. दुसऱ्या दिवशी फाउंड्रीत, वस्तीत, दाढी करताना न्हाव्याजवळ, सगळीकडे एकच गोष्ट: “सर आमच्यात चहा प्याले की. तळ दिसोस्तवर प्याले.” माणूस दुसऱ्याच्या घरी चहा पितो, ही गोष्ट सांगत फिरायची असते, यात काही घाण आहे हे तेव्हा मला दिसलं नाही. आता ते वाक्य आठवलं की ओढ्याचा वास येतो.

विज्ञान प्रदर्शनासाठी सरांनी भूकंपलहरी घ्यायचं ठरवलं. स्प्रिंग आणि दोर सगळ्याच शाळा आणणार, म्हणून माणसांची ओळ करायची. दहा-बारा मुली एकामागे एक उभ्या, प्रत्येकीचे हात पुढचीच्या खांद्यावर. मागून पहिलीला ढकललं की धक्का खांद्याखांद्यातून पुढे जायचा, शेवटची मुलगी झोकांडायची, आणि बाकी सगळ्या आपापल्या जागीच. कण जागेवर राहतो, लाट पुढे जाते, हे त्याहून सोपं करून कुणालाच सांगता येणार नाही. आडवं हेलकावलं की दुय्यम लहर. मला तो खेळ फार आवडला. पाठीत धक्का लागायचा, क्षणभर आपला तोल आपला नसायचा आणि दुसऱ्या क्षणी तो पुढचीच्या खांद्यात गेलेला असायचा.

सराव सुरू झाला तेव्हा नवरात्र होतं. पहिल्या दिवशी माझ्यामागे वैशाली आली. तिच्या वडिलांचा दुधाचा धंदा होता, गावात माडीचं घर. स्वभावानं बरी मुलगी, खोडरबर मागितलं तर बाकावर ठेवायची. मागून धक्का निघाला. मी पाठ तयार ठेवली. काहीच आलं नाही. मागं वळून बघितलं तर वैशालीचे दोन्ही हात माझ्या खांद्यांच्या वर, बोटभर अंतरावर, शेकोटीवर धरावेत तसे.

“काय गं, हात ठेव की,” सर म्हणाले.

“सर, आमच्यात घट बसल्यात. आई म्हटलीया, न्हाऊन आलीस तर कुणाला शिवायचं न्हाय.”

तिच्या मागे उभी असलेली मुलगी फिसकन हसली. “मग मी मगाधरनं तुझ्या खांद्यावर हात ठेवलाय, त्ये?”

“तू चालतीस,” वैशाली म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, लाज नव्हती. दुधात पाणी किती, हे सांगावं तसं सांगितलं. मैदानातल्या सगळ्या मुलींनी सरांकडे बघितलं, मीही बघितलं. सरांनी चष्मा काढला, धोतऱ्याच्या झुडपांकडे बघत पुसला, घातला, आणि एकदम हसून मला म्हणाले, “तू बाहेर ये बरं. तू कशाला ओळीत? तुझा आवाज खणखणीत आहे. तू निवेदन करायचंस. ही घे छडी.”

मी ओळीतून बाहेर आले. माझ्या जागी मागची मुलगी सरकली, ओळ जुळली, आणि लाट सपकन शेवटपर्यंत गेली.

मी आनंदानं वेडी झाले होते, हे आज लिहायला हवं. सगळ्या ओळीतून मला निवडलं होतं! छडीचं टोक एकेका मुलीच्या खांद्याला लावून मी सांगायची, ‘हा एक कण, हा दुसरा कण’. छडीचं टोक वैशालीच्या खांद्याला लागलेलं चालायचं. घरी आण्णा म्हणाले, “बघितलंस? साऱ्या पोरीत आमची पोरगी बोलणार.” आईनं भाकरी थापता थापता विचारलं, “आदी तर वळीत हुतीस न्हवं? मग भायेर का काढली?” आण्णा चिडले, “काढली न्हाय गं, वर चढवली.” आईनं भाकरी तव्यावर टाकली. मांडणी किणकिणली, मग धड्डाम.

घट उठले. दसऱ्याला वैशालीनं मला आपट्याचं पान दिलं, देठाच्या टोकाला दोन नखांनी धरून, आणि म्हणाली, “सोन्यासारखी ऱ्हा.” मला वाटलं, आता नवरात्र संपलं, आता काही अडचण नाही. मी सरांना विचारलं, “सर, मी एकदा मधी उभा राहू का? बोलता बोलता?” सर म्हणाले, “छे, छे. निवेदकानं बाहेरच थांबायचं असतं. बसलंय ते बिघडवू नको.” त्यांचा चेहरा तेव्हा कसा होता, ते आठवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. चेहरा आठवत नाही. त्यांच्या हातातला चष्मा आठवतो.

दिवाळीनंतर प्रदर्शन जयसिंगपूरला होतं. एसटीत वैशालीनं शेजारच्या सीटवर दप्तर ठेवलं आणि मी जवळ आले तेव्हा ते काढलं नाही. मी दांडा धरून उभी राहिले. डिझेलचा वास, कुणीतरी खिडकीतून ओकलेलं, मागच्या काचेवर त्याचे ओघळ. मी लहरींचं निवेदन मनात घोकत होते.

सभागृहात टेबलांची रांग होती. आमच्या शेजारच्या शाळेनं ज्वालामुखी केला होता. मातीचा डोंगर, त्यात सोडा आणि व्हिनेगर, वरून लाल रंगाचा फेस उतू जायचा आणि टेबलावरून टपटप खाली. सकाळपासून इतक्यांदा तो उतू गेला होता की फरशी चिकट झाली होती आणि आंबूस वास सुटला होता. शिक्षण खात्यातले मोठे साहेब आले. मागे मुख्याध्यापकांचा घोळका. मी बोलले, आणि चांगलं बोलले. छडी फिरवली, लाट गेली, शेवटची मुलगी झोकांडली, साहेबांनी मान डोलावली. मग ते म्हणाले, “छान सांगतेस गं. पण तुला स्वतःला धक्का लागलाय का कधी? उभी राहा बघू मध्ये. निवेदन मी करतो.” घोळका हसला.

साहेबांनीच मला दंडाला धरून ओळीत उभं केलं. मागं कोण आहे ते मी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. धुतलेल्या केसांचा शिकेकाईचा वास आला.

साहेबांनी सगळ्यात मागच्या मुलीला ढकललं. मागे सरसर हालचाल झाली, कुणीतरी “अगं आई” म्हणालं, आणि वैशाली माझ्यावर पडू नये म्हणून ओळ सोडून एका बाजूला कलली, टेबलाला धरून सावरली. मी उभी होते तशी उभी. माझ्या पुढच्या मुलीही तशाच. लाट माझ्या पाठीमागे संपली होती.

“अरे! थांबली का?” साहेब म्हणाले.

निकम सर पुढे झाले. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज वर्गातलाच. “साहेब, हा पृथ्वीचा बाह्य गाभा. द्रवरूप. इथं लहर थांबते. मुद्दामच दाखवलंय.”

“वा! कल्पक आहे हो.” साहेबांनी टाळ्या वाजवल्या. घोळक्यानं वाजवल्या. ओळीतल्या मुलींनीही वाजवल्या, वैशालीनंसुद्धा.

मी धीट नव्हते. कुणाला जाब विचारावा, असं काही माझ्या डोक्यात नव्हतं. पण ते चूक होतं. ज्या माणसानं मला बरोबर काय ते शिकवलं तोच चूक सांगत होता, आणि ती चूक त्यालाही ठाऊक होती. शेजारच्या व्हिनेगरचा वास नाकात गेला, आणि ओकारीसारखंच ते तोंडातून बाहेर आलं.

“न्हाय सर. ही प्राथमिक लहर. ती पाण्यातनंबी जाती. थांबती ती दुय्यम. ही थांबली कारण हिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला न्हाय.”

टाळ्या आपोआप थांबल्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, वैशालीकडे बघितलं, सरांकडे बघितलं. त्यांना कळलं. कळलेलं माणसाच्या चेहऱ्यावर दिसतं. “असं का,” ते म्हणाले, घड्याळ बघितलं, आणि ज्वालामुखीपाशी गेले. “हां, हे काय आहे?” लाल फेस उतू गेला. तिथं पुन्हा टाळ्या वाजल्या.

परतीच्या एसटीत सर माझ्याशी बोलले नाहीत. उतरताना एवढंच म्हणाले, “मी शिकवलेलं माझ्याच तोंडावर मारलंस. मी काय वाईट केलं होतं तुझं?” दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावरचं शिकवणं बंद. वर्गात माझा हात वर असला तरी त्यांची नजर माझ्यावरून पलीकडच्या भिंतीवर जायची. पुढचं वर्ष दहावीचं होतं. वस्तीत दहावी झालेली एकही मुलगी नव्हती आणि मला गणित, विज्ञान शिकवणारं त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. आण्णांनी कपाळाला हात लावला. “लाट थांबली काय नि गेली काय, तुला काय करायचं हुतं गं? तुजं शिक्षाण थांबलं त्याचं काय?”

रविवारी आण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कानांतली वाळू तेलाच्या बोळ्यानं काढली आणि मला घेऊन सरांच्या घरी गेले. सरांचं घर शहरात, पुढं तुळस, पडवीत खुर्च्या. शेजारचे कुणी गृहस्थ पेपर वाचत बसले होते. आण्णा खुर्चीवर बसले नाहीत, पायरीपाशी उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “सर, लेकराला अक्कल न्हाय. तुमचे उपकार आमी इसरणार न्हाय. पोटात घ्या.”

“अहो, मला राग नाही,” सर म्हणाले. “पण वाईट वाटलं. मी कधी भेद केला का? सांगा तुम्ही. मी तुमच्यात येऊन चहा प्यालो की नाही?”

“प्यालासा की, सर. तळ दिसोस्तवर प्यालासा.”

तो चहा इतके दिवस जपून ठेवलेला होता, दोघांनीही. तो आता बाहेर काढला आणि दोघांनी बघितला.

सरांनी आत बघून “चहा आणा हो” म्हटलं. ताटात चहा आला. सरांना आणि पेपरवाल्या गृहस्थांना कानाचे, निळ्या फुलांचे कप. आम्हाला दोन पांढरे, पातळ प्लॅस्टिकचे पेले, तेव्हा नुकतेच दुकानांत यायला लागलेले. आण्णांचे डोळे चमकले. त्यांना वाटलं, पाहुण्यांसाठी कोरे काढले. चहा कढत होता. पेला बोटांत मऊ पडून आत दबत होता, आणि चहाला तापलेल्या रेनकोटासारखा वास येत होता. वर साय. मी हातात धरून उभी राहिले. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. “पी,” ते हळूच म्हणाले. मी प्यायले. साय टाळूला चिकटली. त्यानंतर कित्येक वर्षं मला सायीचा चहा पिता आला नाही. निघताना आण्णांनी आपला पेला अंगणातल्या नळाखाली धुतला, झटकला आणि खिशात घातला. माझा मी तिथंच पायरीवर ठेवला.

सर पुन्हा शिकवू लागले, हेही लिहिलं पाहिजे. पहिल्यासारखंच, मन लावून, फुकट. मी दहावी झाले, पदवीधर झाले, भूगोलाची शिक्षिका झाले, ते त्यांच्यामुळे. परवा त्यांच्या सत्काराच्या अंकासाठी कुणीतरी माझ्याकडे लेख मागितला, आणि मी स्प्रिंगचं आणि दोराचं लिहून पाठवलं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. आमच्या वर्गाचा फोनवर ग्रुप आहे. वैशाली त्यावर रोज सकाळी फुलं पाठवते. मागे तिनं मला लिहिलं, ‘आठवतं का गं, एका डब्यात जेवायचो आपण.’ खाली सगळ्यांचे बदाम. मी फोन पालथा ठेवला आणि हात धुऊन आले. हात का धुतले ते मला सांगता येत नाही.

त्या रविवारी संध्याकाळी आण्णांनी तो पेला मांडणीवर ठेवला, पुढच्या ओळीत, पितळी तांब्याच्या शेजारी. आई मंगल कार्यालयातून आली, लुगड्याला हात पुसले आणि तिची नजर तिथं गेली.

“ह्ये कुठनं आणलं?”

“सरांनी च्या दिला त्यात. कोरा काढला बघ आमच्यासाठी.”

आईनं पेला उचलला नाही. नुसती बघत राहिली. “असलं मी पोत्यानं भरतो लग्नात. तोंड लावायचं नि टाकायचं. कुणी परत धुत न्हाय ह्येला.”

“नवा हाय गं.”

“व्हय. टाकायलाच नवा हाय.” मग तिनं विचारलं, “सरबी ह्यातच प्याले?”

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. “न्हाय,” आण्णा म्हणाले. “त्यांचा कानाचा हुता.”

आई टोपलीपाशी बसली. तिनं भाकरी वाढली, झुणका वाढला, आणि आम्ही जेवायला बसलो. कारखान्यात रविवारचीही पाळी होती. तळव्यांखाली फरशी थरथरली, मांडणी किणकिणली, मग धड्डाम. ताटं, वाट्या, तांब्या, सगळी जागच्या जागी वाजली. तो पेला वाजला नाही. हलका होता, तो नुसता सरकला. पुन्हा घण, पुन्हा थोडा. आण्णांचा घास हातात राहिला. तिघंही जेवता जेवता मांडणीकडे बघत होतो. घणामागून घण, पेला फळीच्या कडेकडे येत होता, आणि हात लांब केला तर आण्णांचा हात सहज पोचला असता.

पेला कडेला आला, अर्धा बाहेर झुकला. आण्णांनी घास तोंडात घातला आणि चावला. वाळू लागली असावी, कारण कचकन आवाज आला. त्यांनी गिळलं नाही. उठून मोरीत गेले आणि थुंकले.

मागून घण पडला. पेला खाली आला, फरशीवर दोनदा टुणटुणला आणि मोरीच्या तोंडाशी जाऊन थांबला. आण्णांनी तांब्यातलं पाणी ओतून चूळ भरली. वाहत्या पाण्यानं पेला उलटा झाला, काळ्या गोळ्यापाशी अडकला आणि तिथंच राहिला. आण्णा परत येऊन ताटावर बसले.

“वाढ,” ते आईला म्हणाले.